काढून टाकलेलं उत्तर

पडद्यावर माझं उत्तर होतं. वीतभर मोठ्या अक्षरांत.

"डोकं फिरलंय का तुमचं? ट्रॅक्टर लावून पाईप ओढायला सांगता? एखाद्याचा हात जाईल तवा कळंल."

त्याच्या वर लाल पट्टी. पट्टीत लिहिलेलं: उत्तर कसं नसावं.

हिंगोलीतलं मंगल कार्यालय. दीड-दोनशे माणूस बसलेलं. हातपंप दुरुस्त करणारे, जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारे, गावाला पाणी सोडणारे ग्रामपंचायतीचे शिपाई. पंपांबद्दल प्रश्न विचारायची आणि उत्तरं द्यायची एक मराठी वेबसाईट आहे. आम्ही तिला मंच म्हणतो. मंचावरच्या माणसांचा हा मेळावा होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी माझी सून शारदा.

स्टेजवर साहेब बोलत होते. ते मंचाचे मुख्य मॉडरेटर. कुणी लिहिलेलं ठेवायचं, कुणाचं काढायचं, हे ठरवणारे. पडद्यावर त्यांनी माझं नाव काळ्या रंगानं झाकलं होतं. ते म्हणाले, "आता याला उत्तर म्हणायचं का? हे तर नळावरचं भांडण झालं."

हॉल हसला. मागून एक जण ओरडला, "बाईची घागर कुठंय साहेब?" हॉल अजून हसला.

मीही हसले.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सगळे हसत होते. आपण हसलो नाही तर ओळखू येऊ, असं वाटलं. म्हणून हसले. पदर तोंडाला लावून, बाकीच्या बायांसारखी. शारदा हसली नाही. ती माझ्या कानाशी आली.

"आत्याबाई, तुमी काहून हसून राहिल्या?"

मी पदर खाली घेतला.

मी सहासष्ट वर्षांची आहे. चौथीपर्यंत शिकले. आमचं घर मेंढरं राखणारं. शिरड शहापूरच्या पुढं आमचं गाव. हिंगोली जिल्हा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. आमच्या गावचा हातपंप बंद पडला की परभणीहून माणूस यायचा. महिना लागायचा. कधी दोन. तोवर बाया दोन कोसांवरून पाणी आणायच्या. मग एका संस्थेची माणसं गावात आली. म्हणाली, पाणी बाया भरतात तर पंपही बायांनीच दुरुस्त करावा. गावात कुणाची तयारी नव्हती. दोघी उठलो. मी आणि गयाबाई. दोघींना लोक हसले. "मेंढरं हाकायची सोडून आता पंप हाकती काय गं?" असं मला भर चावडीत विचारलं होतं.

पंधरा दिवसांत शिकलो. मग तीस वर्षं तेच केलं.

हातपंप वरून एवढासा दिसतो. खाली जमिनीत दहा-दहा फुटी लोखंडी पाईप आट्यांनी एकाखाली एक जोडलेले असतात. कुठं दहा पाईप, कुठं पंधरा. सगळ्यात खाली सिलिंडर. त्यातलं वायसर झिजलं की पाणी येत नाही. मग सगळे पाईप एकेक करून वर काढायचे. वरचा पाईप सोडवताना खालची सगळी माळ एका लोखंडी शिकंज्यात आवळून धरावी लागते. शिकंजा सुटला की माळ खाली जाते. मधे जे येईल ते घेऊन जाते.

त्यामुळं आमच्या कामात एक रीत पडली. पाईप वर असेपर्यंत शिकंजा धरणारीचा शब्द चालतो. ती ओरडेल तसं करायचं. कोण कुणाचा, कोण मोठा, ते बघायचं नाही. ती काय बोलली त्याचा राग धरायचा नाही. गयाबाईनं मला रांडे म्हटलंय. मी तिला सटवे म्हटलंय. काम झालं की दोघी एका फडक्यावर भाकर खायचो. "जरा हात बाजूला घेता का" असं म्हणेपर्यंत हात राहत नाही. शिवी लवकर पोचते. एवढंच त्याचं कारण. दुसरं काही नाही.

ही रीत आम्ही कुणाला समजावून सांगितली नाही. त्याचा भोगही भोगला.

आमच्या गावात मालक म्हणायचे ते एकच घर. त्यांच्या दारापुढचा पंप काढला होता. शिकंजा माझ्याकडं. मालक स्वतः येऊन उभे राहिले. बायांना काम जमतं का बघायला. बघता बघता पुढं झाले आणि पाईपाच्या तोंडावर हात ठेवला. शिकंजा सरकत होता. मला ते हाताला कळलं.

मी ओरडले, "हात काढ, मुडद्या!"

त्यांनी हात काढला. माळ सुटली. पाईपाचं तोंड खालच्या लोखंडावर आदळलं. सगळं गाव दचकलं.

संध्याकाळी चावडीवर बोलावणं आलं. बाईनं मालकाला मुडद्या म्हटलं. हात वाचला, ही गोष्ट कुणी काढली नाही. माझा नवरा म्हणाला, "माग माफी. मेंढरं त्यांच्याच रानात बसवायची हायेत." खरंच होतं. त्यांच्या रानात मेंढरं बसली नाहीत तर आम्हाला बसायला जागा नव्हती. मी मालकाच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी हातानं खूण केली, ऊठ. त्या हाताकडं बघत मी उठले. पाचही बोटं जागेवर होती.

गयाबाई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाना उचलताना एवढंच म्हणाली, "आपुन आपलं काम इकलं गं काल."

ती आता नाही. माझे गुडघे गेले. पाईप उचलायचं काम सुटून सात वर्षं झाली. हात मोकळे. डोक्यात सगळं तसंच. कुठं पंप बंद दिसला की थांबून कान लावावासा वाटायचा. दांडा नुसता दोनदा हलवला तरी वायसर गेलं का आतला रॉड सुटला ते मला कळतं. पण विचारणारं कुणी नव्हतं. आजकालच्या पोरांना बाई पंपाचं सांगते हेच खरं वाटत नाही.

मंच शारदानं दाखवला. ती म्हणाली, "आत्याबाई, हे बघा, लोक इथं पंपाचं विचारून राहिलेत. तुमाला येतंय की हे."

मी एका बोटानं लिहायला लागले. चार ओळींना दुपार जायची. नाव द्यायचं होतं तिथं 'हातपंप हिंगोली' असं टाकलं. लोक उत्तरं वाचायचे, करून बघायचे आणि खाली लिहायचे, "धन्यवाद सर." "सर, तुमच्यामुळे पंप चालू झाला." शारदा हसून लोळायची. "सर, च्या घ्या," म्हणून कप पुढं करायची. मी कुणाला सांगितलं नाही की मी सर नाही. बरं वाटत होतं. खोटं काय बोलू. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकून कुणीतरी धन्यवाद म्हणत होतं.

मॉडरेटर लोकांशी बारीकसारीक कुरबुरी व्हायच्या. मी 'आमी' लिहिलं की ते 'आम्ही' करायचे. करू द्या. मी एकदा प्रश्न विचारला तर त्यांनी बंद केला, हा आधी विचारला गेला आहे म्हणून. असेल. एकदा लिहिलं, चामड्याचं वायसर बसवायच्या आधी गोड्या तेलात भिजवा. खाली विचारणा आली, "संदर्भ द्यावा." मी लिहिलं, तीस वर्षं भिजवलंय. ते म्हणाले, हा संदर्भ होत नाही. उत्तर काढलं. मला टोचलं. पण म्हटलं, वायसरानं कुणी मरत नाही.

मग भाषेचा नियम आला. असभ्य भाषेतलं लिखाण काढलं जाईल. हा नियम वाईट नव्हता. मोटारी भरणाऱ्या एका बाईला मंचावर काही जणांनी घाण घाण लिहिलं होतं. त्यावर हा नियम केला. सगळ्यांची मतं मागवली होती. मी हो म्हणून मत दिलं. हे मुद्दाम सांगते. नियम माझ्यावर कुणी लादला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी प्रश्न आला. कुणा ग्रामपंचायतीच्या शिपायाचा. "सिलिंडर गाळात अडकला आहे. पाईप वर येत नाहीत. गावात पाणी नाही. काय करावे?"

पहिलं उत्तर लगेच आलं. लिहिणाऱ्याच्या नावापुढं सोनेरी बिल्ला होता. मंचावर त्याचे गुण सगळ्यांत जास्त. त्यानं नीट, शुद्ध भाषेत लिहिलं होतं: तीन पायांच्या लोखंडी घोड्यावरून साखळी घ्यावी, पाईपाला बांधावी, दुसरं टोक ट्रॅक्टरला लावून हळूहळू ओढावे, पाईप निघतात.

निघतात. हे खरं आहे. दहा वेळा निघतात. पण जुना पाईप आट्यात गंजलेला असतो. ताण बसला की तिथंच तुटतो. तुटला की साखळीतला सगळा ताण उसळी मारतो. वरचा पाईप शिकंज्यासकट उडतो आणि परत खाली येतो. मी हे एकदा बघितलंय. तेव्हा बकरी दगावली. माणूस असता तर माणूस गेला असता.

ते उत्तर मी वाचलं. मी शिकंजा धरल्यासारखी ओरडले. बोटानं ओरडले. डोकं फिरलंय का तुमचं, ते सगळं. आणि त्याच्याखाली सात ओळी लिहिल्या. पाईपात वरून पाणी सोडा. रातभर मुरू द्या. गाळ सैल होतो. सकाळी पाना लावून पाईप हलवा, पण आटे आवळायच्या बाजूनंच हलवा. उलट फिरवाल तर खालचा पाईप सुटून बोअरात जाईल. सैल झाला की दोन शिकंजे लावा. दोघातिघांनी हातानं उचला. घाई करू नका.

त्या सात ओळी पडद्यावर नव्हत्या. पडद्यावर फक्त शिवी होती.

माझं उत्तर दुपारच्या आत काढलं. निरोप आला: "आपले उत्तर असभ्य भाषेमुळे काढून टाकण्यात आले आहे." मी साहेबांना लिहिलं, माणूस मरंल. त्यांचं उत्तर आलं. वाईट नव्हतं. "सर, तुमचा मुद्दा योग्य असू शकतो. सौम्य भाषेत पुन्हा लिहा. आम्ही ठेवू."

पुन्हा लिहायचं होतं. पहिल्या दोन ओळी गाळून सात ओळी टाकायच्या होत्या. एक दुपारचं काम.

मी लिहिलं नाही.

मला राग आला. चावडी आठवली. म्हटलं, मरू द्या, मला काय. फोन फळीवर ठेवला. आठ दिवस हातात घेतला नाही. शारदा विचारायची, "सर आज सुट्टीवर का?" मी तिच्यावरही खेकसले. सहासष्ट वर्षांची बाई लेकरासारखी रुसून बसले. नवव्या दिवशी फोन घेतला. तो प्रश्न खाली गेलेला. वर दुसरे प्रश्न. मी दुसऱ्यांना उत्तरं दिली. तो प्रश्न विसरून गेले.

मेळाव्याचं बोलावणं आलं ते वेगळ्या कारणानं. मंचानं सगळ्यांकडून माहिती भरून घेतली होती. शारदानं माझं वय, शिक्षण, बाई असल्याचं सगळं खरं भरलं. मंचाच्या हाफिसातून फोन आला, तुम्ही आमच्या सगळ्यात वयस्कर महिला सदस्य आहात, तुमचा सत्कार करायचा आहे. पडद्यावरचं तयार करणारे वेगळे, सत्कार ठरवणारे वेगळे. साहेबांना माहीत नव्हतं की नळावरचं भांडण आणि सत्काराची आजी एकच आहे. ते तर मला सर समजत होते. मला पुरुष समजत होते, तरी हसायला त्यांना नळावरची बाईच सापडली.

तर त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. मी आणि शारदा ताटं घेऊन भिंतीकडेला बसलो. एक माणूस रांगेत जो भेटेल त्याला विचारत होता. पन्नाशीचा. पांढरी टोपी. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. ताट डाव्या हातात, छातीला टेकवून धरलेलं.

"ते पडद्यावरचं कुणी लिव्हलं व्हतं, कुणाला माहीत हाये का?"

कुणी खांदे उडवले. कुणी म्हणालं, "कशाला, भांडायचंय का तिच्याशी?" तो आमच्यापाशी आला. मी मान खाली घातली. शारदा म्हणाली, "ह्यांनी लिव्हलंय."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तुमी? मला वाटलं कुणी सर असतील."

"न्हाई. मीच."

तो खाली बसला. ताट फरशीवर ठेवलं. म्हणाला, "तो प्रश्न माजा व्हता, मावशी."

त्याचं नाव ज्ञानदेव. सेनगाव तालुक्यातला. साखऱ्याच्या बाजूचा. गावात पाणी सोडायचं काम त्याच्याकडं. मी त्याच्या रुमालाकडं बघितलं. रुमाल मनगटाशी संपत होता. त्याच्या पुढं काही नव्हतं.

मी विचारलं, "ट्रॅक्टर लावला?"

"व्हय."

"म्या लिव्हलेलं वाचलं न्हाई का रं?"

"वाचलं व्हतं की." त्याचा आवाज साधा होता. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "सकाळीच वाचलं. दुपारी ट्रॅक्टरवाला आला दारात. त्याला म्हणलं थांब बाबा, एक जण असं सांगून राहिलाय, आज पाणी सोडून बघू, उद्या उचलू. तो म्हणला दाखव. दाखवाया गेलो, तर तुमचं उत्तर नव्हतं. वर-खाली लई बघितलं. नव्हतंच. ट्रॅक्टरचं उत्तर तेवढं व्हतं. मंग मला वाटलं, तुमचं चुकीचं असंल. चुकीचं व्हतं म्हणून काढलं."

शारदाच्या हातातला घास ताटात पडला.

"संध्याकाळी लावला ट्रॅक्टर," तो म्हणाला. "हात पाईपावर व्हता माजा. नांदेडला काढावा लागला. आता व्हॉल्व्ह बायकू फिरवती. म्या बराबर उभा ऱ्हातो."

"इथं कशाला आलास?"

"म्हणलं कुणाला तरी सांगावं. कुणाला सांगावं ते कळंना."

मला सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं. "लेकरा, त्यांनी मला परत लिव्हा म्हणलं व्हतं. गोड भाषेत लिव्हा, ठेवतो म्हणलं व्हतं. म्या लिव्हलं न्हाई. मी रुसले."

"रुसल्या?"

"व्हय."

तो डाव्या हातानं ताटातला भात इकडून तिकडं सारत राहिला. वरण भाताच्या बाहेर आलं. शारदानं पुढं होऊन भात कालवून दिला. त्यानं खाल्ला. मी बघत बसले. आयुष्यात मी उपाशी राहिले, मार खाल्ला, पायावर डोकं ठेवलं. त्या भाताइतकं काही जड गेलं नाही.

सुट्टी संपली. सत्कार सुरू झाले. माझं नाव पुकारलं. शारदा म्हणाली, "चला, घरला जाऊ." मी म्हटलं, "न्हाई. वर जायचंय मला." गुडघ्यांनी पायऱ्या चढायला वेळ लागला. तेवढा वेळ लोक टाळ्या वाजवत होते.

साहेबांच्या हातात शाल होती. ते माईकवर म्हणाले, "आपल्या सर्वांत ज्येष्ठ महिला सदस्य. शिक्षण चौथी. वय सहासष्ट. जोरदार टाळ्या." त्यांनी शाल उघडली. माझ्यापुढं धरली. मी मान वाकवली नाही.

"शाल राहू द्या. ते पडद्यावरचं परत लावा."

"कोणतं, आजी?"

"नळावरचं भांडण. ते म्या लिव्हलंय."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग हसायला गेले. ते जमलं नाही. माईक त्यांनी तोंडापासून लांब केला. "आजी, आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाई. त्याच्याखाली सात ओळी व्हत्या. त्याबी लावा. नुसती शिवी काहून लावली?"

माईक लांब असला तरी माझा आवाज लहान नाही. पंपावर तयार झालेला आहे. मी हॉलकडं तोंड केलं. म्हटलं, या हॉलात एका माणसाचा हात गेलेला आहे. ट्रॅक्टरच्या उत्तरानं गेला. माझं उत्तर त्यानं सकाळी वाचलं होतं. दुपारी ते तिथं नव्हतं. त्याला वाटलं, चूक होतं म्हणून काढलं.

मागून तोच सकाळचा आवाज आला. "कोण माणूस? नाव सांगा. उगं काईबी बोलू नका, बाई."

मी नाव घेतलं नाही. त्याला न विचारता त्याला दाखवायचा हक्क मला नव्हता. पण ज्ञानदेव उठला. रुमालाची गाठ सोडायला लागला. डाव्या हातानं गाठ सुटत नव्हती. शेजारचा मदतीला पुढं झाला तर त्यानं खांद्यानं त्याला सारलं. दीड-दोनशे माणूस ती गाठ सुटायची वाट बघत बसलं. मग त्यानं हात वर केला.

साहेबांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नाहीत. हे मी त्या दिवशीही म्हणाले, आजही म्हणते. ते हळू आवाजात म्हणाले, "आजी, तुमचं उत्तर चूक होतं म्हणून नाही काढलं. भाषेमुळं काढलं."

"हे त्याला कुठं लिव्हून ठेवलं व्हतं?"

"तुम्हाला निरोप पाठवला होता."

"मला पाठवला. त्याला काय? तिथं नुसती मोकळी जागा व्हती. मोकळ्या जागेत माणसानं काय वाचावं?"

शाल त्यांच्या हातातच राहिली. मी खाली उतरले. या वेळी टाळ्या नव्हत्या.

बारा दिवसांनी मंचाचा निरोप आला. लांबलचक. शारदानं दोनदा वाचून दाखवला, मग मी स्वतः एकदा वाचला. मॉडरेटर लोकांची बैठक झाली होती. त्यांच्यात मतभेद होते, असंही लिहिलं होतं. दोघं माझ्या बाजूनं होते. तिघं नियमाच्या. ठरलं ते असं. ट्रॅक्टरचं उत्तर नियमात बसतं, ते राहील, खाली 'काळजी घ्यावी' एवढं जोडलं जाईल. माझं उत्तर पहिल्या दोन ओळी वगळून परत लावलं जाईल. पण त्याआधी मी मंचावर आणि मेळाव्यात वापरलेल्या भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त करावी. खाली एक चौकट होती. तिच्यापुढं लिहिलेलं: मी दिलगीर आहे. चौकटीत बोट ठेवायचं. तोवर माझं लिहिणं बंद.

शारदा म्हणाली, "एक बोट तर ठेवायचंय, आत्याबाई. ठेवून टाका. तुमच्या सात ओळी वर येतील. कुणाचा तरी हात वाचंल."

ती खरं बोलत होती. म्हणून मला दिवसभर सुचलं नाही. ज्ञानदेवाचा हात डोळ्यांपुढं होता. माझ्या रुसण्यात तो गेला. आता माझ्या ताठ्यात दुसऱ्याचा जाऊ द्यायचा का? मी शेळीला पाला टाकला, चूल पेटवली, भाकरी थापली. भाकर तव्यावर करपली. फोन घेतला, चौकटीवर बोट नेलं.

आणि मला कळलं, की हे बोट ठेवलं तर ज्ञानदेवाला जे वाटलं तेच मी खरं करते. चूक होतं म्हणून काढलं. बाईनंच कबूल केलं. उद्या शिकंजा सुटताना कुणी ओरडली, तर तिलाही हीच चौकट दाखवतील. भाषेचा नियम घाण बोलणाऱ्यांसाठी होता. मी त्याला मत दिलं होतं. हात वाचवायला ओरडणारी आणि बाईला घाण लिहिणारा, या दोघांना एकाच काठीनं हाणायला मी मत दिलं नव्हतं. दिलगीर मी आहे. पण ज्ञानदेवापुढं. रुसले त्याबद्दल. ओरडले त्याबद्दल नाही. ओरडल्याची माफी एकदा मागून झाली आहे माझी, आणि त्या माफीनं काही सुधारलं नाही.

मी साहेबांना लिहिलं. एका बोटानं. "साहेब, मी दिलगीर नाही. माझं उत्तर लावायचं तर सगळं लावा. पहिल्या दोन ओळींसकट. नाहीतर ठेवा बंद. पण मी रुसून बसणार नाही. हे लक्षात ठेवा."

त्याला उत्तर आलेलं नाही. माझं खातं बंद आहे. ट्रॅक्टरचं उत्तर अजून तिथं आहे, सोनेरी बिल्ल्यासकट.

लिहिता येत नाही, पण मंच वाचायला सगळ्यांना उघडा आहे. मी रोज सकाळी वाचते. अडकलेल्या पाईपाचा प्रश्न दिसला की गावाचं नाव बघते. शारदा त्या ग्रामपंचायतीचा नंबर शोधते. ओळखीपाळखीतून मिळतो. मी फोन लावते आणि सात ओळी सांगते. पहिल्या दोनही सांगते. काही जण ऐकतात. काही जण "ए म्हातारे, ठेव फोन" म्हणतात. मी परत लावते. चार-चारदा लावते. गुडघे गेलेत, घसा आहे. जोवर तो आहे, तोवर मला गप्प बसवायला कुणाचा नियम पुरा पडणार नाही. मी गोड बोलणार नाही. थांबणारही नाही.

काल असाच एक फोन लावला. उचलणाऱ्याच्या पाठीमागं इंजिनाची धडधड ऐकू येत होती.

"हॅलो, कोण बोलून राहिलं?"

"मुडद्या, आधी ट्रॅक्टर बंद कर. मग सांगते."